तिखट कानांची आत्या

धक्क्यावर सगळे तिला आत्या म्हणत. खरं तर ती दोघांचीच आत्या, धाकट्या भावाच्या मुलाची आणि मुलीची. पण ती पोरं लहान असताना लाँच धक्क्याला लागायच्या आधीपासून काठावर उभी राहून ‘आत्या, आत्या’ असा धोशा लावायची, आणि ते नाव वेल्डरपासून बंदर कचेरीतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. पोरं मोठी झाली, नोकऱ्यांसाठी लांबच्या शहरांत गेली. नाव मात्र धक्क्यावरच राहिलं.

लाँच वडिलांची. समोरच्या बेटावर थोडी वस्ती, एक दीपगृह, एक शाळा आणि एक छोटा दवाखाना. गॅसची सिलिंडरं, पिठाची पोती, औषधांची खोकी, टपाल, जाणारी-येणारी माणसं, एकदा तर आरशासकट एक अख्खं कपाट, सगळं याच लाँचमधून जायचं. इंजिन मुलाने सांभाळावं असं वडिलांच्या मनात होतं. मुलगा सुकाणूवर तरबेज, पण खाली इंजिनरूममध्ये उतरला की त्याचा जीव गुदमरायचा. थोरली मात्र शाळा सुटली की दप्तर भिरकावून थेट शिडीवरून खाली. वडिलांनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, शेवटी हात टेकले आणि तिच्या हातात पाना दिला. लग्नाची दोन-चार स्थळं आली. एका दुकानदाराच्या मुलाने विचारलं, “लग्नानंतर हे इंजिनाचं खूळ सोडणार ना?”

ती म्हणाली, “तुम्ही दुकान सोडणार असाल तर सोडते.”

चहा निवायच्या आत मंडळी उठली.

इंजिन तिच्याहून वयाने मोठं. तीन सिलिंडरचं, हिरवा रंग जागोजाग उडालेलं डिझेल इंजिन. पुढच्या टोकाला भलं जड चाक, आणि बॅटरीने दगा दिला तर हाताने फिरवायला लोखंडी हँडल. उन्हाळ्यात बटण दाबायचा अवकाश, धडधडायला लागायचं. थंडीत मात्र एखाद्या हट्टी म्हाताऱ्यासारखं अडून बसायचं. मग आत्या किटलीभर पाणी गरम करून त्यात फडकी भिजवायची आणि डिझेलच्या पंपाला शेकवायची. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायची. हाताने चार वेढे फिरवून घ्यायची. आणि हे सगळं करताना ऐकत राहायची. तिच्या ऐकण्याची ख्याती होती. दुसऱ्यांच्या लाँच बिघडल्या तरी बोलावणं तिलाच. ती शेजारी डोळे मिटून उभी राहायची आणि म्हणायची, “दोन नंबरचा व्हॉल्व्ह.” झाकण उघडलं की दोन नंबरचाच निघायचा. तिखट कानांची बाई, लोक म्हणायचे.

तेच कान गेले.

एका दिवसात नाही गेले. आधी किटलीची शिटी गेली; पाणी उकळून सांडलं तरी तिला पत्ता नसायचा. मग फोनची घंटी गेली. मग बारीक आवाजात बोलणारी माणसं गेली, म्हणजे त्यांचे ओठ हलत, पण त्यातून काही बाहेर येत नसे. उभं आयुष्य त्या धडधडीशेजारी काढलं, तर आणखी काय व्हायचं होतं? तिला ते कळत होतं आणि तिने कोणाला कळू दिलं नाही. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवायची, चारचौघं हसले की हसायचं. इंजिनावर तळवा टेकला की त्याची थरथर बरंच काही सांगायची. वर सुकाणूवरून भाऊ दोरी ओढून खाली घंटा वाजवायचा. एक ठोका पुढे, दोन बंद, तीन मागे. घंटेच्या लोलकाला तिने लाल चिंधी बांधून टाकली. चिंधी हलली की ठोके मोजायचे. इंजिनरूममध्ये तिच्याशिवाय कोणी उतरत नसल्यामुळे त्या चिंधीबद्दल विचारणारंही कोणी नव्हतं.

घरी आता तिघंच: ती, भाऊ आणि भावजय. भावजय मुळातच हळू बोलणारी, तोंडातल्या तोंडात. “वन्सं, चहा टाकू?” असं ती स्वयंपाकघरातून विचारायची आणि बाहेरच्या खोलीतून उत्तर यायचं नाही. “वन्सं, उद्या बाजारात याल?” उत्तर नाही. भावजयीला वाटलं, ही आपल्याला मोजतच नाही. काही महिने तिने वाट पाहिली, मग विचारणं सोडून दिलं. त्यात तिने एकदा जेवताना नव्या इंजिनाचा विषय काढला. “बटण दाबलं की सुरू होणारं घेऊ या, किती दिवस त्या जुन्यापुढे मिनतवाऱ्या करायच्या?” हे वाक्य नेमकं आत्याला ऐकू गेलं. नवं इंजिन म्हणजे आपल्याला काठावर बसवायचा घाट, असं तिने मनाशी घेतलं. त्या दिवसापासून दोघी एकाच घरात राहून एकमेकींच्या वाटेला जाईनाशा झाल्या. भाऊ मध्ये सापडलेला. तो हवापाण्याबद्दल बोलायचा.

त्या हिवाळ्यात लाँचवरचा खलाशी तापाने अंथरुणाला खिळला आणि दोर-साखळी बघायला भावजय येऊ लागली.

त्या दिवशी सकाळपासूनच गारठा भयंकर होता. डेकवर उडालेलं पाणी जागीच गोठत होतं. बेटाला मोठ्या लाँचजोगा धक्का पलीकडच्या अंगाला होता, पण तो दुरुस्तीसाठी बंद. त्यामुळे अलीकडच्या बाजूला, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर नांगर टाकायचा आणि छोट्या होडीतून सामान नेऊन टाकायचं, असं चाललं होतं. भाऊ होडीत सामान भरून वल्हवत किनाऱ्यावर जायचा, रिकामा परत यायचा. इंजिन बंद करून ठेवलेलं. अशा थंडीत मधूनमधून ते चालू करून ऊब धरून ठेवावी लागते, हे भावजयीलाही एव्हाना ठाऊक झालं होतं. दुपारच्या सुमाराला ती डेकवरून इंजिनरूममध्ये उतरायच्या झडपेशी वाकली आणि म्हणाली, “वन्सं, जरा वेळ इंजिन चालवून घेता का? फार गारठलंय.”

आत्या खाली पाठमोरी बसून एक नळी पुसत होती. तिने मान वर केली नाही.

“बरं,” भावजय स्वतःशीच म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून डेकवर निघून गेली. आत्याला स्वतःला ते सुचायला हवं होतं, पण सकाळी इंजिन लवकर सुरू झालं त्या भरवशावर ती निर्धास्त राहिली.

भाऊ शेवटची खेप घेऊन किनाऱ्यावर गेला आणि वारा फिरला. आतापर्यंत बेटाच्या आडोशाने शांत असलेल्या पाण्यावर उघड्या समुद्राकडून लाटा येऊ लागल्या. त्या सरळ किनाऱ्याकडेच. लाँच नांगराच्या साखळीवर हिसके खाऊ लागली. भाऊ होडी पाण्यात ढकलत होता आणि लाटा ती परत वाळूवर आणून टाकत होत्या. दोनदा तो कमरेपर्यंत भिजला. मग होडी आडवी झाली, पाण्याने भरली. तो किनाऱ्यावर उभा राहून दोन्ही हात हलवत ओरडू लागला.

भावजयीला शब्द कळले नाहीत, पण तो हात कुठे दाखवतोय ते कळलं. लाँचच्या मागच्या बाजूला खडकांची एक रांग समुद्रात शिरलेली होती. सकाळी ती लांब वाटली होती. आता तिच्यावर फुटणाऱ्या लाटांचे तुषार दिसत होते. भावजयीने नांगराच्या साखळीवर हात ठेवला. साखळीतून खरखर जाणवत होती. तळाशी नांगर जमीन सोडून सरकत होता.

ती धावत झडपेशी गेली आणि या वेळी शिडीवरून खालीच उतरली. आत्याचा खांदा धरून तिला वळवलं.

“नांगर सुटतोय! आपण खडकांवर चाललोय! हे किनाऱ्यावरच अडकलेत, नुसते हात हलवतायत!”

हे आत्याने ओठांवरून वाचलं. पुढे काही विचारलं नाही. तिने बटण दाबलं. इंजिन दोन वेढे फिरलं, कण्हलं, आणखी दोन वेढे फिरलं. पेटलं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. प्रत्येक वेळी फिरणं मंद होत गेलं आणि शेवटी नुसतीच एक टिक झाली. थंडीने अर्धमेली झालेली बॅटरी संपली.

“आता?” भावजय म्हणाली.

आत्याने डिझेलच्या गाळणीखालच्या काचेच्या वाटीवर टॉर्चचा झोत टाकला. एरवी सरबतासारखं स्वच्छ दिसणारं डिझेल पांढुरकं, मेणासारखं थिजलं होतं. ते इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं. डाव्या टाकीत उन्हाळ्यात भरलेलं, गारठ्यात थिजणारं डिझेल होतं. उजवीतलं थंडीचं डिझेल जपून वापरावं म्हणून सकाळी बेटाजवळ येता येताच तिने डावीची तोटी उघडली होती. एवढ्याशा हिशेबीपणाने घात केला होता.

“स्टोव्हवर पाणी आहे?”

“आहे. गरम आहे. चहाला ठेवलं होतं.”

“आण. आणि फडकी.”

भावजय गेली आणि किटली घेऊन आली. तेवढ्यात आत्याने डावी तोटी बंद करून उजवी उघडली, गाळणी खोलली, मेण बोटाने खरवडून नवी गाळणी बसवली. बोटं इतकी बधिर झाली होती की स्क्रू दोनदा हातातून निसटला. खाली तेलकट पाण्यात तो चाचपडून शोधताना तिच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आला. भावजयीने न सांगता फडकी भिजवली आणि नळीला, पंपाला गुंडाळली. वाफ निघाली. लाँचने एक मोठा हिसका खाल्ला आणि दोघी भिंतीवर आदळल्या.

“वर जाऊन बघ, किती जवळ आलोय.”

भावजय वर गेली आणि लगेच खाली आली. तिने दोन्ही हातांनी अंतर दाखवलं. खडक आता एखाद्या रस्त्याच्या रुंदीएवढे लांब असतील, नसतील.

नळीत आता हवा शिरली होती. ती काढल्याशिवाय डिझेल पुढे जाणार नव्हतं. आत्याने स्क्रू सैल केला आणि हातपंप मारायला लागली. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग धार. स्क्रू आवळला. इंजिनाच्या डोक्यावरच्या तीन छोट्या लिव्हर उचलल्या. त्या उचलल्या की सिलिंडर मोकळे राहतात आणि इंजिन हाताने फिरवता येतं. वेग आला की त्या पाडायच्या, म्हणजे पेट घेतं. मग हँडल बसवलं आणि अंगातलं सगळं बळ लावून ती ते फिरवू लागली. एक वेढा. दोन. चार.

आणि थांबली.

हाताने फिरवताना डिझेल प्रत्येक सिलिंडरच्या, आत फवारा मारणाऱ्या नोझलपर्यंत पोचलं की नोझल बारीक किरकिरतो. किर्र. तीनही किरकिरले की समजायचं, तयारी झाली, आता लिव्हर पाडायच्या. एकही कोरडा असताना पाडल्या, तर चाकाचा वेग मरणार आणि हँडल उलटून मनगट मोडणार. आणि पुन्हा एकदा हे जड चाक वेगात आणायचं बळ अंगात उरणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिचं वय झालं होतं. डाव एकच होता.

तिने तळवा नोझलच्या नळीवर ठेवला. पण लाँच इतकी हादरत होती, लाटांचे इतके तडाखे बसत होते, की त्या सगळ्या थरथरीत ती बारीक किरकिर हाताला लागत नव्हती. तिने डोळे मिटले. पूर्वी डोळे मिटले की ऐकू यायचं. आता डोळे मिटल्यावर नुसताच काळोख झाला.

“थांबलात का? वन्सं! थांबलात का?”

आत्याने डोळे उघडले. भावजयीचा चेहरा हातभर अंतरावर होता, रागाने आणि भीतीने लाल झालेला.

“मला ऐकू येत नाही,” आत्या म्हणाली.

“काय?”

“ऐकू येत नाही मला. नोझल वाजतात का ते कळत नाही. दोन वर्षं झाली. काहीच नीट ऐकू येत नाही.”

वर कुठेतरी एक डबा गडगडत गेला. भावजयीच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं ते सांगता येणार नाही. दोन वर्षांचा न विचारलेला चहा त्यात असावा.

“मघाशी मी म्हटलं, इंजिन चालवून घ्या...”

“कधी?”

“म्हणजे तुम्ही मुद्दाम...” तिने वाक्य तिथेच तोडलं. “काय ऐकायचं? सांगा. पटकन सांगा.”

“मी फिरवते. तू इथे कान लाव. इथे, एक नंबर. किर्र असं वाजेल. दार करकरतं तसं, पण बारीक. वाजलं की हाताने खूण कर. मग दोन नंबर. मग तीन.”

भावजय इंजिनावर वाकली. थंडगार लोखंडाला तिने गाल टेकवला. आत्याने हँडल फिरवायला घेतलं. तिच्या खांद्यात कळ उठली, ती तिने मनावर घेतली नाही. भावजयीने एक बोट वर केलं. एक नंबर वाजला. ती पुढे सरकली. हँडल फिरत होतं. दुसरं बोट वर झालं. ती तिसऱ्यापाशी गेली. हँडल फिरत होतं, फिरत होतं, आणि तिसरं बोट वर होईना.

“नाही?” आत्याने धापा टाकत विचारलं.

भावजयीने जोरजोरात मान हलवली. नाही.

आत्या थांबली, तिसऱ्या नळीचा नट अर्धा वेढा सैल केला, फडक्यातलं गरम पाणी त्यावर पिळलं. नटाखालून फेस फुसफुसला. मग थेंब. मग स्वच्छ थेंब. नट आवळला. तेलाचा डबा घेऊन तीनही सिलिंडरमध्ये चमचा चमचा तेल सोडलं. त्याच वेळी पायाखालून एक ठोका आला. तो ऐकायला कान लागत नव्हते. लाँचचं सुकाणू मागे खडकाला लागलं होतं.

भावजय किंचाळली असावी. तिचं तोंड उघडं होतं.

“माझ्याकडे बघ,” आत्या म्हणाली. “आता लिव्हर तुझ्या हातात. मी फिरवते, जोर धरते. तिसरा वाजला की तू आधी एक नंबर पाड. तो पेटला की दोन. मग तीन. घाई करू नकोस. मी मान हलवेन त्याची वाट बघू नकोस. तुझ्या कानांनी ठरव.”

“मला जमणार नाही.”

“मग कोणाला बोलावू? तुझ्या नवऱ्याला? तो तिकडे वाळूत नाचतोय.”

भावजय हसली की रडली ते कळलं नाही, पण तिचे हात लिव्हरवर गेले.

आत्याने हँडल धरलं. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवला, हँडलाला वेढा घालून नव्हे. हँडल उलटलं तर अंगठा जातो, हे वडिलांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आणि ती फिरवू लागली. चाकाने वेग धरला. खांद्यातली कळ पाठीत उतरली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती भावजयीच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्या चेहऱ्यावर एकाग्रता होती, कपाळाला आठी, ओठ थोडे उघडे. आणि एकदम भुवया वर गेल्या. तिने पहिली लिव्हर पाडली.

हँडलाला जबरदस्त धक्का बसला. आत्याने सोडलं नाही. आणखी अर्धा वेढा. आणि लोखंडातून तिच्या तळव्यांत, दंडांत, दातांत एक दणका आला. एक सिलिंडर पेटला होता. तिने हँडल ओढून काढलं आणि बाजूला फेकलं. इंजिन खोकलं, मंदावायला लागलं. भावजयीने दुसरी लिव्हर पाडली. खोकणं थोडं भरलं. झडपेतून पांढऱ्या धुराचा लोट खाली आला, दोघींचे डोळे चुरचुरले. तिसरी. इंजिन अडखळलं, लंगडलं आणि मग सलग थरथरू लागलं.

“साखळी सोडून दे!” आत्या ओरडली. “नांगर वर काढू नकोस, सगळी साखळी जाऊ दे! मग सुकाणूवर जा! तोंड वाऱ्याकडे!”

“मी कधी सुकाणू...”

“जा!”

भावजय शिडीवरून वर पळाली. आत्याने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि नजर लाल चिंधीवर. गार इंजिनावर एकदम भार टाकला तर ते गप्पकन बंद पडतं. त्याला थोडी ऊब यायला हवी. पायाखालून पुन्हा एक ठोका आला, आधीच्यापेक्षा मोठा. चिंधी हलली, एकदा. आत्याने दांडा ढकलला नाही. तळवा इंजिनावर होता. थरथर अजून असमान होती, तिसरा अधूनमधून चुकत होता. चिंधी पुन्हा हलली, वेड्यासारखी हलू लागली. ठोके मोजायचा प्रश्नच नव्हता. आत्याने दात आवळले. चुकणं थांबलं. तिने थोडं डिझेल वाढवलं, आणि दांडा पुढे ढकलला.

इंजिन दबलं. एक क्षण तिला वाटलं, संपलं. मग त्याने भार पेलला. तळाखाली एक लांब खरवड गेली, बाकापासून शिडीपर्यंत, आणि संपली. मग लाटा पुढून यायला लागल्या. हे तिला गुडघ्यांनी कळलं.

वर भावजय सुकाणूच्या चाकाला दोन्ही हातांनी लटकली होती. काचेवर बर्फाळ पाणी आपटत होतं. तिला एवढंच सांगितलं होतं, तोंड वाऱ्याकडे. ती वाऱ्याकडे जात राहिली. बेट मागे पडलं तेव्हा तिला वळायचं सुचलं. बेटाला मोठा वळसा घालून पलीकडच्या शांत बाजूला तिने लाँच नेली आणि दुरुस्तीच्या धक्क्याला अशी काही भिडवली की दोन फळ्या तुटल्या. धक्क्यावरच्या सुताराने शिवी घातली आणि लगेच दोर धरला.

भाऊ बेट ओलांडून पळत आला, ओलाचिंब, काकडत. आधी त्याने बायकोला धरलं, मग बहिणीला. मग बहिणीला म्हणाला, “मी घसा फाटेस्तोवर ओरडत होतो, साखळी सोडा, साखळी सोडा.”

आत्या म्हणाली, “मला ऐकू येत नाही.” आणि दुसऱ्यांदा ते सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

भावाला राग आला. खरा राग. तो तिथेच सुतारापुढे ओरडला, “दोन वर्षं? मी वरून घंटा मारत होतो आणि तू खाली चिंध्या बघत होतीस? लोक असतात लाँचमध्ये! शाळेची पोरं असतात!” आत्याने मान खाली घातली. त्याचं बरोबर होतं. परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही, आणि नंतरचे कित्येक दिवसही कामापुरतंच बोलला. भावजय मात्र खाली इंजिनरूममध्ये बसून राहिली. धक्का जवळ आला तेव्हा भावजय आत्याच्या समोर येऊन, ओठ मोठे करून म्हणाली, “मला वाटायचं, मी तुम्हाला आवडत नाही.”

“आवडत नव्हतीसच,” आत्या म्हणाली. “नव्या इंजिनाचं बोललीस ना, तेव्हापासून.”

भावजयीने हसू दाबायचा प्रयत्न केला, तिला ते जमलं नाही.

डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. आत्याला ते फारसं मानवलं नाही. ताटं-वाट्या फार बोलतात, अशी तिची तक्रार. पण घरात ती ते लावते. भाऊ निवळला तो उन्हाळ्यात. कोणी एकट्याने खाली उतरायचं नाही असा नियम त्याने केला आणि आत्याने तो मुकाट पाळला. पुढच्या दोन हिवाळ्यांत भावजय तिच्याकडून सगळं शिकली, आणि मग नव्या इंजिनाचा विषय आत्यानेच काढला. भावजय म्हणाली, थांबू या अजून एखादं वर्ष. त्यावरून दोघींचं चांगलं वाजलं. शेवटी आत्याच्या म्हणण्याप्रमाणे झालं.

आता लाँचवर भावजय असते. आत्या धक्क्यावरच्या शेडमध्ये लोकांचे पंप दुरुस्त करते. बिघडलेल्या लाँचवर अजूनही तिलाच बोलावतात. ती जाते, आणि पाऊल ठेवताच सांगते, “मला ऐकू कमी येतं. आवाज कसा येतोय ते तुम्ही सांगा.” सुरुवातीला लोक संकोचायचे. ‘जरा वेगळाच येतो,’ असं काहीतरी सांगायचे. “असं नाही,” आत्या म्हणते, “काढून दाखवा.” मग मिश्या पिकलेले, अंगापिंडाने दांडगे मालक गाल फुगवून ‘टक-टक-फुस्स’ करतात, ‘खर्रर्र’ करतात, शेजारच्या लाँचवरचे लोक हसून लोळतात, आणि आत्या एक हात इंजिनावर ठेवून त्यांच्या तोंडाकडे गंभीरपणे बघत असते.

“पुन्हा एकदा,” ती म्हणते. “फुस्स जरा लांबवा.”